पांढऱ्यासाठी एक फुलस्केप कागद : ओपनिंग निवडीचे एक प्रकरण

या प्रकरणातला बुद्धिबळ खेळाडू सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वय चाळिशीला टेकलेले, नोकरी पतसंस्थेत, घरी शाळेत जाणारी दोन मुले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत जे बुद्धिबळ रुजवले, त्याच्या सावलीत शाळकरी वयात स्पर्धा खेळलेला. मग नोकरी, लग्न, मोठा खंड. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर पुन्हा खेळू लागला आणि त्यानंतर फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, हिच्या रेटिंगच्या स्पर्धांना जायला लागला.

रेटिंग १२५० होते. १ मार्च २०२४ ला फिडेने रेटिंगची तळाची मर्यादा १००० वरून १४०० केली आणि २००० च्या खालच्या सर्वांना एकदाच वाढ दिली : २००० ला जितके कमी, त्याच्या ४० टक्के. म्हणजे ७५० चे ३०० मिळून याचे १५५० झाले. गावात पेढे मागितले गेले. प्रत्यक्षात सगळेच वर सरकले होते, फक्त अंतरे आकसली : पूर्वी जो पाचशेने पुढे होता तो आता तीनशेने पुढे दिसायला लागला. पटावर समोर बसणारी माणसे तीच. खरे तर माणसे कमी आणि मुलेच जास्त, पुण्या-कोल्हापूरच्या अकादम्यांत रोज दोन तास घालवणारी, अकरा-बारा वर्षांची, पंधरा चाली झटपट खेळून उठून इतरांचे डाव बघायला जाणारी.

माझ्याकडे शिकायला आला तेव्हा त्याची तक्रार एका वाक्यात होती. "सर, काळ्यापेक्षा पांढऱ्यानं खेळायचं आलं की पोटात गोळा येतो."

हे उलटे आहे. पहिली चाल हातात असणे हा फायदा मानला जातो. मी त्याला स्कोअरशीटची, म्हणजे डावाच्या चाली लिहायच्या कागदांची, फाइल पाठवायला सांगितली. क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या स्पर्धांतले पांढऱ्याचे चाळीसेक डाव होते. नशीब, त्याला चालींपुढे घड्याळातली वेळ लिहायची सवय आहे. नाहीतर अर्धे निदान झालेच नसते.

काळ्याने हा माणूस दोनच ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरीव वाटा, खेळतो : ई४ ला (पांढऱ्याने पहिल्या चालीला ई पट्टीतले प्यादे चौथ्या घरावर नेले तर) कॅरो-कान आणि डी४ ला वजिराच्या गॅम्बिटला नकार देऊन सरळ बांधणी. दोन्ही शाळेपासूनच्या, म्हातारपणापर्यंत पुरतील अशा. पांढऱ्याने मात्र तो १.ई४ खेळून जगातल्या प्रत्येक बचावाला त्याची 'मेन लाइन', म्हणजे सगळ्यांत खोल अभ्यासलेली वाट, देत होता. सिसिलियनला (१...सी५) ओपन सिसिलियन : नायडॉर्फ आली तर इंग्लिश अटॅक, ड्रॅगन आली तर युगोस्लाव्ह अटॅक, त्याशिवाय स्वेश्निकोव्ह, तायमानोव्ह, कान. फ्रेंचला (१...ई६ २.डी४ डी५) ३.घो-सी३ (घो म्हणजे घोडा, तसेच पुढे उं उंट, व वजीर, रा राजा) आणि विनावरचा राडा. ई५ ला रुय लोपेझ, त्यात मार्शल, ओपन, बर्लिन. सगळे विकतच्या ऑनलाइन कोर्समधून उचललेले, चांगल्या ग्रँडमास्टरांचे, चुकीचे काहीच नाही. मोबाइलमध्ये शेकडो व्हेरिएशन्स साठलेली, आणि रात्री दहानंतर बँकेच्या पासबुकासारखी एकेक तपासत बसायचे.

स्कोअरशीट काय सांगत होत्या? स्पर्धांची वेळमर्यादा आपल्याकडची नेहमीची, नव्वद मिनिटे आणि पहिल्या चालीपासून प्रत्येक चालीला तीस सेकंद. काळ्याने खेळताना बाराव्या चालीला त्याच्या घड्याळात ऐंशीच्या आसपास मिनिटे असत. पांढऱ्याने, विशेषतः सिसिलियनमध्ये, पंचावन्न-साठ. म्हणजे वाढीव सहा मिनिटे धरली तर तब्बल पस्तीस-चाळीस मिनिटे तो 'आठवत' होता. विचार करण्यात गेलेली वेळ वाया जात नाही, पुढे कुठेतरी उपयोगी पडते. आठवण्यात गेलेली वेळ साफ बुडते. आणि आठवले नाही की तो स्वतःची साधी चाल खेळायला धजत नसे, कारण 'इथे काहीतरी नेमके आहे' एवढेच ठाऊक असायचे. हे अर्धे ठाऊक असणे काहीच ठाऊक नसण्याहून वाईट. एका युगोस्लाव्ह अटॅकच्या डावात त्याने एच-प्यादे कधी ढकलायचे यावर एकवीस मिनिटे घालवली होती, आणि शेवटी ते ढकललेच नाही.

आता थोडा हिशोब, कारण या प्रकरणाचा कणा तोच आहे.

रजा जमवून वर्षाला त्याच्या तीन, फार तर चार क्लासिकल स्पर्धा होतात. नऊ फेऱ्यांच्या स्विस लीगमध्ये पांढरी मोहरी चार किंवा पाच वेळा येतात. म्हणजे वर्षाकाठी पांढऱ्याचे पंधरा-अठरा डाव. त्याच्या फाइलीत तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त डाव ई५ चे होते, त्याखालोखाल सिसिलियन, मग कॅरो-कान, फ्रेंच, स्कँडिनेव्हियन आणि एखाददुसरा पिर्क. सिसिलियन वर्षाला चार-पाच. त्या चार-पाचांत नायडॉर्फ एक, ड्रॅगन एक, बाकी कुणी काहीही. म्हणजे युगोस्लाव्ह अटॅकच्या अठरा चाली पाठ करायच्या त्या वर्षातून एकदा, तेही समोरचा ड्रॅगन खेळला तर! आणि तो ड्रॅगन खेळणारा पोरगा मात्र प्रत्येक ई४ वाल्याविरुद्ध तेच खेळतो, महिन्यातून चार वेळा. या सौद्यात कोण मागे राहणार हे सांगायला ग्रँडमास्टर लागत नाही.

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर जो फुकटचा ओपनिंग एक्सप्लोरर आहे, म्हणजे कुठल्या स्थितीत लोक काय खेळतात याचा साठा, त्यात खेळाडूंच्या रेटिंगप्रमाणे चाळणी लावता येते. सोळाशे-अठराशेची चाळणी लावून आम्ही त्याच्या कोर्समधल्या चाली एकेक करून तपासल्या. कोर्सची पंधरावी चाल ज्या स्थितीत आहे, तिथपर्यंत या पातळीचे डाव फारसे पोचतच नाहीत. आठव्या-नवव्या चालीलाच कुणीतरी वाट सोडलेली असते. ग्रँडमास्टरांच्या डावांवरून बेतलेला कोर्स ग्रँडमास्टर काय खेळतील याची उत्तरे देतो, तालुक्यातल्या निवृत्त मास्तरांनी सहाव्या चालीला ए६ खेळले तर काय, याचे देत नाही.

त्याच्याकडे आठवड्याला चार तास निघतात. त्यातला एकच ओपनिंगला द्यायचा, बाकी डावपेच आणि अंतखेळाला, हे मी आधीच ठरवून टाकले. यावर वाद झाला, पण तो मी जिंकला. आता प्रश्न असा उरला : आठवड्याला एक तास, वर्षाला पंधरा-अठरा डाव, यात मावेल असा संच कोणता?

पहिला उमेदवार अर्थातच लंडन. "सगळी पोरं लंडन खेळतात सर, मीपण तेच करू का?" डी४, उंट एफ४ ला, ई३, सी३, घोडे डी२ आणि एफ३ ला. काळा काहीही खेळो, बांधणी तीच. लंडनला नाक मुरडणारे लोक मला पटत नाहीत. २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने सहावा डाव याच बांधणीने नेपोम्नियाचीविरुद्ध जिंकला, तेव्हा 'म्हाताऱ्यांची ओपनिंग' वगैरे बोलणे बंद व्हायला हवे होते. वेळ कमी असणाऱ्याला मी दहापैकी सहा वेळा लंडनच सुचवतो.

याला सुचवले नाही, त्याला दोन कारणे. एक, ई४ खेळून वीस वर्षांत जी काही जाण जमा झाली होती, खुल्या पटाची, लवकर किल्लेकोट करून हत्ती ई-पट्टीवर आणण्याची, ती सगळी सोडून द्यावी लागली असती. दुसरे कारण फाइलीतच होते. त्याच्या जिंकलेल्या डावांत बंद पटावरचा, सावकाश घोडे फिरवून जिंकलेला डाव जवळजवळ नाही. मोहरी भराभर बाहेर, मध्ये थोडी मोकळी जागा, राजावर नजर, असे झाले की तो दोनशे रेटिंगने चांगला खेळतो. लंडनमध्येही असे डाव होतात, पण त्याने उघडलेल्या आठ-दहा सरावाच्या ब्लिट्झ (काही मिनिटांच्या) डावांत तो दहाव्या चालीला 'आता काय?' म्हणून थांबलेला दिसला. बांधणी पाठ, बेत नाही.

किंग्ज इंडियन अटॅकचाही विचार झाला. फ्रेंचविरुद्ध छान, ई५ विरुद्ध मचूळ. इंग्लिश ओपनिंग म्हणजे १.सी४ मला स्वतःला प्रिय आहे, पण तिथे चालींचा क्रम इकडचा तिकडे झाला की भलत्याच ओपनिंगमध्ये पाऊल पडते. वर्षातून चार स्पर्धा खेळणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

मग आम्ही प्रश्नच फिरवला. कोणत्या बचावाला कोणती लाइन, असे विचारण्याऐवजी कोणती प्याद्यांची रचना त्याला जमते आणि ती किती बचावांतून काढता येते, असे विचारले. उत्तर त्याच्या काळ्याच्या डावांतून आले, ही यातली गंमत. कॅरो-कान खेळत असल्याने त्याने पानोव्ह अटॅकचा मार कैकदा खाल्ला होता (× म्हणजे मारणे) : १.ई४ सी६ २.डी४ डी५ ३.ई×डी५ सी×डी५ ४.सी४. पुढे डी५ वर मारामारी होऊन पांढऱ्याचे डी४ चे प्यादे एकटे उरते. शेजारच्या सी आणि ई पट्टीवर त्याला आधार द्यायला प्यादे नाही. याला आयक्यूपी म्हणतात, वजिराच्या पट्टीतले एकटे पडलेले प्यादे. हे प्यादे दुबळे आहे, पण बदल्यात पांढऱ्याला मोकळ्या पट्ट्या, ई५ वर घोडा, हत्तीला ई१ वरून ई३ आणि तिथून जी३ किंवा एच३ ला नेण्याची सोय, आणि योग्य वेळी डी५ ढकलून सगळा पट उघडण्याची धमकी मिळते. याला काळ्याने हे सोसून माहीत होते. कुठे दुखते ते ज्याला माहीत, त्याला तिथे मारायला शिकवणे सोपे जाते.

आणि हीच रचना किती ठिकाणी निघते बघा.

सिसिलियनला २.सी३, म्हणजे अलापिन. २...डी५ ३.ई×डी५ व×डी५ ४.डी४, आणि काळ्याने केव्हातरी सी×डी४ केले की सी×डी४, एकटे प्यादे तयार. २...घो-एफ६ ३.ई५ घो-डी५ ४.डी४ सी×डी४ ५.घो-एफ३ घो-सी६ ६.सी×डी४ डी६ ७.उं-सी४ घो-बी६ ८.उं-बी५ डी×ई५ ९.घो×ई५, पुन्हा डी४ ला तेच एकटे प्यादे. आणि २...ई६ ३.डी४ डी५ ४.ई×डी५ ई×डी५ झाले, तर पुढे सी५ वर मारून ते एकटे प्यादे काळ्याच्याच गळ्यात पडते. तेव्हा आपण दुसऱ्या बाजूने खेळायचे, जे तो कॅरो-कानमध्ये वर्षानुवर्षे खेळतच आलाय. डी५ च्या पुढची चौकट अडवा, हलकी मोहरी बदला, अंतखेळाकडे चला.

एव्हगेनी स्वेश्निकोव्ह नावाचा ग्रँडमास्टर, ज्याच्या नावाने सिसिलियनमधली एक धारदार लाइन ओळखली जाते, तो स्वतः पांढऱ्याने आयुष्यभर अलापिन खेळत राहिला. हे सांगितल्यावर आमच्या खेळाडूचा 'ही भित्र्यांची चाल आहे' हा आक्षेप अर्धा गळला. उरलेला अर्धा डीप ब्लू या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाने घालवला. १० फेब्रुवारी १९९६, फिलाडेल्फिया, सामन्याचा पहिला डाव : सिसिलियन, २.सी३, आणि समोर जगज्जेता कास्पारोव्ह. दहाव्या चालीला डी४ चे प्यादे एकटे. कास्पारोव्हला त्याची नाकेबंदी पक्की करता आली नाही, आणि तेविसाव्या चालीला यंत्राने तेच प्यादे डी५ वर ढकलले. काळ्याच्या राजापुढची प्यादी आधीच फाटली होती. सदतिसाव्या चालीनंतर कास्पारोव्हने डाव सोडला. क्लासिकल वेळमर्यादेत विद्यमान जगज्जेता संगणकाकडून हरलेला हा पहिला डाव.

ई५ ला इटालियन. २.घो-एफ३ घो-सी६ ३.उं-सी४ उं-सी५ ४.सी३ घो-एफ६ ५.डी४ ई×डी४ ६.सी×डी४ उं-बी४ शह ७.उं-डी२ उं×डी२ शह ८.घोबी×डी२ (बी-पट्टीवरचा घोडा) डी५ ९.ई×डी५ घो×डी५. तेच ते डी४! आजचे मोठे खेळाडू पाचव्या चालीला डी३ खेळून सावकाश जातात, कारण काळ्याला वरच्या लाइनमध्ये बरोबरी मिळते. मिळू दे. पंधराशे-सोळाशेच्या पातळीवर बरोबरीतली जिवंत स्थिती म्हणजे तक्रारीचे कारण नाही. इथे एक फांदी मात्र पाठ हवी : काळ्याने सातव्या चालीला घो×ई४ खाल्ले तर ८.उं×बी४ घो×बी४ ९.उं×एफ७ शह रा×एफ७ १०.व-बी३ शह, आणि बी४ चा घोडा परत. पोरे हे प्यादे हमखास खातात.

याच वाटेवरचा जुना डाव म्हणजे १८९५ चा हेस्टिंग्ज, स्टाइनिट्झ विरुद्ध फॉन बार्डेलेबेन. स्टाइनिट्झने सातव्या चालीला घो-सी३ केले होते, ते आज आम्ही घेतले नाही, कारण ७...घो×ई४ नंतर फार पाठांतर लागते. पण पुढे आलेली रचना आपलीच : डी४ ला एकटे प्यादे, काळ्याचा राजा मध्येच अडकलेला. सतरावी चाल डी५! प्यादे फुकट दिले, कशासाठी तर डी४ ची चौकट मोकळी करून तिथे घोडा आणायला. दोन चालींनी तो घोडा ई६ वर. बाविसाव्या चालीला हत्तीने ई७ वर मारले आणि पुढचे दिसल्यावर फॉन बार्डेलेबेन डाव न सोडता सरळ हॉलमधून निघून गेला. एकशे एक वर्षांच्या अंतराने एक माणूस आणि एक यंत्र, दोघांचा घाव त्याच प्याद्याचा.

फ्रेंचला ३.ई×डी५ ई×डी५ ४.सी४. एक्स्चेंज फ्रेंच म्हणजे बरोबरीचा करार, असे समजणाऱ्यांना चौथी चाल ठाऊक नसते. ४...घो-एफ६ ५.घो-एफ३, मग काळ्याने डी×सी४ केले की उंट सी४ वर मारतो आणि पुन्हा तेच. इथे एक सुंदर योगायोग आहे. पेत्रोव्ह बचावात २...घो-एफ६ ३.घो×ई५ डी६ ४.घो-एफ३ घो×ई४ ५.डी३ घो-एफ६ ६.डी४ डी५, आता ७.सी४ खेळा आणि पट बघा : फ्रेंचमधली वरची स्थिती, मोहऱ्याला मोहरा तंतोतंत. दोन बचाव, एकच अभ्यास. वर्षातून एकदा येणाऱ्या पेत्रोव्हसाठी वेगळी वही करायची गरज उरली नाही.

कॅरो-कानला स्वतः सोसलेला पानोव्ह. ४...घो-एफ६ ५.घो-सी३ घो-सी६ ला ६.उं-जी५, जे बोत्विनिकने १९३३ मध्ये फ्लोरविरुद्धच्या सामन्यात खेळले होते. ६.घो-एफ३ सुद्धा चांगलेच, पण उं-जी४ नंतर वजीर बी७ चे प्यादे खातो, वजिरावजिरी होते आणि डाव लांबलचक अंतखेळात जातो. त्याला ते काळ्याने आवडते, म्हणून पांढऱ्याने टाळले.

स्कँडिनेव्हियनला सरळ ३.घो-सी३ आणि डी४. पिर्कला डी४ नंतर ३.उं-डी३, मग सी३ आणि किल्लेकोट. अलेखाइनला ई५, डी४, घो-एफ३, जे अलापिनच्या २...घो-एफ६ चे चुलत भावंड आहे. या तिघांवर एवढेच.

एकच दरवाजा बंद होईना : ३.उं-सी४ नंतर ३...घो-एफ६, म्हणजे टू नाइट्स. ४.डी४ खेळले तर खुला पट मिळतो, पण तिथले पाठांतर वेगळेच, आणि एकटे प्यादे काही निघत नाही. ४.घो-जी५ म्हणजे अकादमीच्या पोरांचे घरचे मैदान. शेवटी ४.डी३, मग सी३, किल्लेकोट, हत्ती ई१, बी-घोडा डी२ वरून एफ१, जी३. संचाशी न जुळणारा तुकडा आहे हा. मी तो तसाच ठेवला. सगळे बचाव एकाच रचनेत कोंबण्याचा हट्ट धरला की शेवटी कुठेतरी वाईट चाल खेळावी लागते.

सगळे मिळून एका फुलस्केप कागदाच्या दोन्ही बाजूंना मावले. मी अट घातली : कागद भरला की नवी लाइन लिहायची असेल तर एक जुनी खोडायची. मोबाइलमधले कोर्स पुसून टाका म्हटल्यावर त्याने ते पुसले नाहीत, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले. पैसे दिले होते, समजण्यासारखे आहे.

पहिली स्पर्धा अपेक्षेप्रमाणे गेली नाही. पांढऱ्याच्या पाच डावांत दोन गुण. घड्याळ सुधारले होते, बाराव्या चालीला आता ऐंशीच्या वर मिनिटे उरत होती. पण एका अलापिनमध्ये त्याला कागदावरची स्थिती जशीच्या तशी मिळाली, घोडा ई५ वर गेला, डी५ ढकलायची वेळ आली, आणि तो कचरला. 'प्यादे जाईल' म्हणून. त्याऐवजी त्याने घोड्याशी घोडा बदलला, मग उंटाशी उंट, मग वजीरही. चाळिसाव्या चालीला पटावर एकेक हत्ती आणि ते डी४ चे प्यादे, ज्याच्यासमोर काळ्याचा राजा येऊन बसला. समोरच्या बारा वर्षांच्या मुलाने ते शांतपणे खाल्ले.

फोनवर तो म्हणाला, "सर, ही ओपनिंग मला लाभत नाही."

ओपनिंगने तिचे काम केले होते. नंतरचे काम आम्ही केले नव्हते. कागदावर चाली होत्या, बेत नव्हता. हे या निवडीतले खरे जोखमीचे ठिकाण आहे : एकट्या प्याद्याची रचना घेतली की मोहरी पटावर ठेवावीच लागतात. प्रत्येक अदलाबदल काळ्याच्या पथ्यावर पडते, आणि अंतखेळात हे प्यादे निव्वळ ओझे. ज्याला बदलाबदली करून सुरक्षित वाटते अशा खेळाडूला ही रचना देऊ नये. हा तसा नव्हता, दडपणाखाली तसा झाला.

म्हणून पुढचे दोन महिने ओपनिंगचा तो एक तास चालींवर खर्च केलाच नाही. नऊ नमुना-स्थिती काढल्या, प्रत्येक बाराव्या ते पंधराव्या चालीची, कागदावरच्या लाइनींतूनच निघालेली. तिथून डाव सुरू करायचा, आठवड्याला दोन, पंधरा मिनिटांचे, कधी माझ्याशी, कधी कमी ताकदीवर लावलेल्या स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या इंजिनाशी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमशी. एकदा पांढरे, एकदा काळे. काळ्याने बसून डी५ ची चौकट घोड्याने अडवली की पांढऱ्याला काय नको असते ते बोटांना कळते. आणि डाव संपल्यावर एकच प्रश्न : डी५ केव्हा शक्य होते? पुष्कळदा उत्तर 'दोनदा, आणि दोन्ही वेळा दिसले नाही' असे येई. महिन्याभराने 'एकदा' वर आले.

त्याच काळात बोत्विनिक-विदमार, नॉटिंगहॅम १९३६ हा डाव त्याने पटावर मांडून तीन-चार संध्याकाळी पाहिला. ओपनिंग वजिराच्या गॅम्बिटची, रचना मात्र आपली. तिथे डी५ ढकललेच जात नाही. घोडा ई५ वर, वजीर एच३ वर, मग एफ४, एफ५, आणि विसाव्या चालीला घोडा एफ७ वर फुटतो. डी५ ही एकच किल्ली नाही हे कळायला हा डाव पुरतो.

दुसऱ्या स्पर्धेत पांढरी मोहरी चारदा आली, तीन गुण झाले. त्यातला एक डाव एक्स्चेंज फ्रेंचचा. समोरचे गृहस्थ ३.ई×डी५ पाहून मागे रेलून बसले आणि चौथ्या चालीनंतर पुढे सरकले, असे त्याने सांगितले. अठराव्या चालीला डी५, काळ्याचा सी६ चा घोडा हलला, ई-पट्टीवर हत्ती सातव्या रांगेत. दुसरा विजय इटालियनमधला, घो×ई४ खाणाऱ्या मुलाविरुद्ध. तिसऱ्यात बरोबरी. चौथा टू नाइट्सचा, तोही बरोबरीत सुटला, जरी त्याची स्थिती बराच वेळ वाईट होती. चार डावांवरून कशाचेही प्रमाण मांडायचे नसते, पण घड्याळाचे आकडे गुणांपेक्षा जास्त विश्वासार्ह आहेत. बाराव्या चालीपर्यंत आठवण्यात घालवलेली वेळ आता दहा-पंधरा मिनिटांवर आली आहे, आणि ती वाचलेली वेळ अठराव्या-विसाव्या चालीला खर्च होते, जिथे व्हायला हवी.

कागदात आजवर दोन खाडाखोडी झाल्या आहेत. पिर्कविरुद्धच्या उं-डी३ ला ३...ई५ ४.सी३ डी५ असे उत्तर मिळते हे एका ऑनलाइन डावात कळले, त्याची ओळ वाढली. त्यासाठी अलेखाइनची अर्धी ओळ गेली. दुसरी खाडाखोड अलापिनमधल्या २...घो-एफ६ ची : आठव्या चालीला उं-बी५ ऐवजी उं-बी३ घ्यायचे असे त्याने स्वतः ठरवले. का, तर बी३ वरून एफ७ कडे बघणारा उंट त्याला इटालियनमुळे ओळखीचा वाटतो. इंजिनाला यात काही फरक पडत नाही, मग मीही हरकत घेतली नाही.

टू नाइट्सचा कोपरा अजून रिकामाच धरा. त्याच्या फाइलीत ई५ वाल्यांपैकी घो-एफ६ खेळणारे वाढत चाललेत, बहुधा अकादम्यांत सध्या तेच शिकवत असावेत. पुढच्या स्पर्धेआधी ४.डी३ नंतरच्या दोन नमुना-स्थिती त्या नऊमध्ये घालायच्या आहेत, आणि त्या कुठल्या, हे त्यानेच त्याच्या हरलेल्या डावांतून निवडून आणायचे आहे.